काका, तुमचा डीए किती?

चहा घ्या. तक्रार जरा लांबलचक आहे, म्हणून आलं जास्त घातलंय.

माझ्याकडे 47 अडकित्ते आहेत. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेखा विभागात 33 वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासल्यावर माणसाला स्वतःचं असं काहीतरी लागतं. लहानपणी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडलेले पाहिले होते, ते डोक्यात राहिले. आज माझ्याकडे पोपटाचा आहे, घोड्याचा आहे, जामनगरहून आणलेला एक आहे (तिकडे त्याला सूडी म्हणतात), आणि आजीचा साधा लोखंडी आहे. श्रीवर्धनी रोठा जो बिनतक्रार फोडतो तो हा शेवटचाच. बाकीचे दिसायला.

भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत मला वेबसाइट करून दिली. प्रत्येक अडकित्त्याचा फोटो, लांबी, वजन, धातू, पात्याची धार आणि कातरलेल्या सुपारीचा नमुना. सगळं रीतसर, अनुक्रमांकासह. मराठीत अडकित्त्यांची इतकी तपशीलवार नोंद दुसरीकडे कुठे असेल तर दाखवा.

तर आता इंटरनेटवर ‘अडकित्ता’ शोधा. आधी शब्दकोशातला अर्थ येतो. जणू शोधणाऱ्याला तेवढंच ठाऊक नव्हतं. मग अक्रोड फोडायचा चिमटा विकणारं दुकान. मग एक व्हिडिओ, ज्यात अडकित्ता एकूण चार सेकंद दिसतो. मी चौथ्या पानावर. चौथ्या पानापर्यंत कोण जातं? मी जातो, रोज सकाळी, आणि माझ्या अंदाजाने मीच एकटा जातो.

वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो. तो वेबसाइटी वर आणण्याचं काम करतो. त्याला बोलावलं, लाडू दिला, प्रकरण समोर ठेवलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, “काका, तुमचा डीए किती?”

मी म्हणालो, “मी निवृत्त आहे. आम्हाला डीए नसतो, डीआर असतो.”

“डीआर पण चालेल,” तो म्हणाला. “काही क्लायंट तोच बघतात.”

मी टक्केवारी सांगितली. तो माझ्याकडे आदराने बघायला लागला. दहा मिनिटांनी उलगडा झाला की त्याचा डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी आणि डीआर म्हणजे डोमेन रेटिंग. दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी शंभरापैकी द्यायचे हे गुण; गूगल दोन्हीही वापरत नाही. माझ्या साइटला दोन्हीकडे मिळून 3 गुण होते. महागाई भत्ता निदान जानेवारीत आणि जुलैत वाढतो तरी.

“तुम्हाला बॅकलिंका नाहीत, काका,” तो म्हणाला. दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारे दुवे, म्हणजे बॅकलिंका. लिखाण कितीही चांगलं असो, दुसऱ्याने आपल्याकडे बोट दाखवल्याशिवाय आपण वर सरकत नाही.

हा उद्योग कोणी सुरू केला याची मी चौकशी केली. 1996 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून हे निघालं. शोधनिबंधांमध्ये ज्याचा दाखला जास्त लोक देतात तो निबंध महत्त्वाचा, तेच गणित त्यांनी वेबपानांना लावलं. शिवाय दाखला देणारा स्वतः किती वजनदार, हेही मोजायचं. आणि त्याचं वजन तो जितक्यांना दाखले देईल तितक्यांत वाटलं जायचं, वडिलार्जित जमिनीसारखं. या यंत्राचं पहिलं नाव होतं बॅकरब, म्हणजे पाठ चोळणं. पुढे ते बदलून गूगल ठेवलं. माझ्या मते पहिलं नाव जास्त प्रामाणिक होतं.

मोठ्या माणसाने आपलं नाव घेतलं की आपण मोठे. याला आपल्याकडे गणित लागत नव्हतं, याला वशिला म्हणतात. आणि इथेच माझी खरी दुखती नस आहे. 1994 साली माझी बदली दूरच्या गावी झाली, तेव्हा साडू म्हणाला होता, “एक शब्द टाकतो.” मी म्हणालो, नको. चार वर्षं खानावळीत जेवलो, पण वशिला लावला नाही. त्याच वेळी तिकडे कॅलिफोर्नियात दोन पोरं वशिल्याचं सूत्र मांडायच्या तयारीला लागली होती. मला कोणी कळवलं नाही.

बरं, लावू वशिला. वय झालं, तत्त्वं सैल झाली. तर नियम वाचा! लिंक विकत घ्यायची नाही. घेतलीच तर ती पैशाची आहे असा शिक्का तिच्यावर मारायचा, म्हणजे ती मोजणीत धरायची नाही. ‘तू मला दे, मी तुला देतो’ हे प्रमाणाबाहेर करायचं नाही. लिंक ‘नैसर्गिक’ हवी. समोरच्याला आपण होऊन वाटलं पाहिजे. म्हणजे वशिला लागतो, पण लावायचा नाही. तो आपोआप लागला पाहिजे.

लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात, आणि दाराशी काकू वही घेऊन बसलेल्या असतात, तसंच हे. फरक इतकाच की काकू पाकीट घेतात. इथे 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि लिंकांचे व्यवहार करणाऱ्या साइटी रातोरात खाली गेल्या. पेंग्विन! आमच्याकडे दक्षता पथक यायचं तेव्हा निदान नाव तरी दक्षता पथक असायचं.

तरुण म्हणाला, “लिंक रिलेव्हंट पाहिजे, काका. विषयाशी संबंधित.” मग अडकित्त्याशी संबंधित कोण? त्याने यंत्राला विचारलं. यंत्राने सुपारी पकडली आणि गुन्हेगारीच्या बातम्या देणाऱ्या साइटी काढून दिल्या. सुपारी देऊन काटा काढला, सुपारी घेणारे दोघे जेरबंद. अशा ठिकाणी माझ्या पोपटाच्या अडकित्त्याचा दुवा गेला तर पोलीस आधी कोणाकडे येतील, ते सांगा.

दुसरा पर्याय निघाला दातांच्या डॉक्टरांचा. सुपारी, सुपारीवरून दात, दातांवरून दवाखाना. माझं रूट कॅनाल ज्यांनी केलं त्यांची वेबसाइट आहे. भूल उतरायच्या आत मी विषय काढला, म्हणजे बोलणं अस्पष्ट राहून मागितल्यासारखं वाटू नये. त्यांनी खरंच लिंक दिली. ‘सुपारीचे दुष्परिणाम’ या लेखात. सुपारीमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे लिहून खाली: ‘ही अवजारे अजूनही घरोघरी आढळतात, पहा.’ आणि पहायला माझ्या आजीचा अडकित्ता.

अपमान गिळला. लिंक ती लिंक. तरुणाने तपासली आणि मान हलवली. “नोफॉलो आहे, काका.”

ही 2005 सालची सोय. लिंक द्यायची, पण तिच्यात गुपचूप एक शब्द घालून ठेवायचा, की मी हमी घेत नाही. आमच्या कार्यालयात फाइलवर ‘शिफारस नाही, केवळ अग्रेषित’ असा शेरा मारत, हुबेहूब तेच. मी स्वतः तो शेरा हजारो फाइलींवर मारला आहे. त्या माणसांना कसं वाटलं असेल हे मला त्या दिवशी कळलं, पण ते वेगळं प्रकरण आहे.

मागून हे असं. न मागता काय येतं ते ऐका. रोज एक-दोन ईमेल. ‘आपला लेख वाचून भारावून गेलो. त्यात आमच्या केशरोपण केंद्राची लिंक घातल्यास वाचकांना मोलाची भर मिळेल.’ कोणत्या लेखाने भारावलात, असं मी एकाला उलट विचारलं. ‘आपल्या किचन अप्लायन्सेसच्या लेखाने,’ असं उत्तर आलं. दुसऱ्या एकाने दर महिन्याला 500 उच्च दर्जाच्या बॅकलिंका देऊ केल्या. माणसाला आयुष्यात खऱ्या शिफारशी करणारे पाच भेटत नाहीत, आणि याच्याकडे घाऊक साठा आहे!

मी नाही म्हणालो. तरी महिन्याभरात माझ्या साइटकडे 214 लिंका आल्या. सगळ्या परदेशी जुगाराच्या अड्ड्यांवरून. कोणी पाठवल्या, का पाठवल्या, काही पत्ता नाही. घाबरून वर गेलो. तरुण म्हणाला, बहुतेक वेळा यंत्र असल्या लिंकांकडे दुर्लक्ष करतं. फारच वाटलं तर ‘डिसअव्हाउ’ आहे. पेंग्विनमागोमाग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढलेला हा उपाय. साध्या मजकुराच्या फाइलीत एका ओळीत एक असे पत्ते लिहून कळवायचं की यांच्याशी माझा संबंध नाही. पेपरात ‘जाहीर नोटीस’ येते ना, मुलगा आमच्या सांगण्याबाहेर आहे, त्याच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही, तीच ही. जे माझे कधी कोणी नव्हते, त्यांच्याशी संबंध तोडायला मी एक अख्खी दुपार घालवली. मराठीत लिंकला दुवा म्हणतात. असे दुवे शत्रूलाही मिळू नयेत.

आता उरली एकुलती एक खरी लिंक. मावसभावाच्या सहल कंपनीची. न मागता, न विकत, आपल्या मनाने दिलेली. पण लिंक कोणत्या शब्दांवर दिली आहे त्यालाही किंमत असते. 2003 मध्ये अमेरिकेत खोडसाळ लोकांनी ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या शब्दांवरून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या अधिकृत चरित्राला लिंका दिल्या होत्या. ते शब्द शोधले की पहिलं ते चरित्र यायचं. शब्द जुळले, काम झालं. मावसभावाने लिंक दिली आहे ती ‘आमच्या बंडूचा नाद’ या शब्दांवर. आज हे तीन शब्द शोधलेत तर पहिल्या पानावर पहिला मी आहे. अडकित्त्यासाठी चौथ्या पानावरच.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल, आणि तिच्यावर कधी पानसुपारी, सण, लग्नकार्य, पितळेची भांडी असा विषय निघाला, तर मी काही मागत नाही. मागणं नियमबाह्य आहे. फक्त लिंक ‘अडकित्ता’ या शब्दावर असते, ‘इथे’ या शब्दावर नाही, एवढं माहितीस्तव सादर.