खांदा कॅमेऱ्यासमोर

उजवा खांदा आखडला. शर्टाची बाही चढवताना माझ्या तोंडून जे शब्द निघत, ते शेजारच्या मुलांना पाठ झाले. नाशकात हाडांच्या डॉक्टरांची वाण नाही. पण मुंबईला दाखवल्याशिवाय आमच्या घराण्यात दुखण्याला प्रतिष्ठा नाही. आखडल्या हाताने कसारा घाट उतरायची छाती होईना, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनाच व्हिडिओवरून आमच्या इंदिरानगरात बोलावलं.

बसलो ते अभ्यास करून. लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले. रुग्णाने स्वतः कॉल लावला की त्याची संमती गृहीत धरतात. माझी होतीच. मागे लसूण सोलत बसलेल्या बायकोला मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि तिचंही काही अडलं नव्हतं.

फोन साखरेच्या डब्याला टेकवला.

"हात वर करा."

दुखरा वाचवायला मी डावा उचलला. थेट पंख्यापर्यंत.

"छान! हालचाल उत्तम आहे की."

"डॉक्टर, तो चांगला हात आहे," मागून आवाज आला.

सरकारच्या ई-संजीवनी या टेलिमेडिसिन सेवेत गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो, तपासतो आणि पलीकडच्या डॉक्टरांना खरं काय ते सांगतो. सुरगाणा-पेठकडच्या माणसाची नाशिकची एसटी त्यामुळे वाचत असेल, तर सोय मोठीच. आमच्या घरी ते पद बायकोने परस्पर घेतलं.

"शुगर? मधुमेहात खांदा जास्त आखडतो, म्हणून विचारतो."

"नॉर्मल."

"तपासलीय कधी? दर रविवारी मिसळीबरोबर जिलबी. माझ्या वाटणीचीसुद्धा."

"चालणं?"

"रोज गोदाघाटापर्यंत," मी.

"कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत," ती.

त्यानंतर डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. शुगर तपासा, शेक द्या, झटके देऊ नका. सगळं तिला सांगितलं आणि तिने लसणाच्या हातांनी लाइटबिलाच्या पाठीवर उतरवलं. मी कोपऱ्यात डावा हात वर करून बसलेला. खाली घ्या म्हणायचं कुणाच्या ध्यानात नाही.

"पण खांदा हात लावूनच बघायला हवा," डॉक्टर शेवटी म्हणाले. "नाशकातच दाखवा ना, चांगले डॉक्टर आहेत तिथे."

"मी तेच सांगत होते," बायको म्हणाली, आणि फी भरलीच आहे तर म्हणून फोन उचलून स्वतःच्या गुडघ्याकडे वळवला.