बोका पेटतो, नायक मरतो

प्रेमपटाची टर उडवणाऱ्या मारधाडीच्या कार्टूनवर नेहमीचा आरोप असा, की प्रेमासारख्या नाजूक गोष्टीत ते हातोडा घेऊन घुसतं. आरोप भारदस्त आहे. पण तो करण्याआधी मूळ प्रेमपटाच्या हातात काय आहे, तेही पाहायला हवं. १९३८चा हॉलिवूडचा ‘अल्जियर्स’ घ्या. जड पापण्यांचा, फ्रेंच हेल काढून बोलणारा चार्ल्स बॉयर त्यात पेपे नावाचा दागिनेचोर आहे. अल्जियर्सच्या कसबा वस्तीच्या बोळांत दडलेला असेपर्यंत तो पोलिसांच्या बापालाही सापडत नाही. त्याची प्रेयसी हेडी लमार जहाजानं निघाली म्हटल्यावर मात्र गडी बंदरावर धावतो आणि पोलिसाची गोळी खाऊन मरतो. याला आपण नाजूक म्हणायचं आणि रुमाल काढायचा.

आता १९४४चं टॉम अँड जेरीचं ‘द झूट कॅट’ पाहा. टॉम बोका झोपाळ्याचं कापड कापून झकपक सूट शिवतो, खांदे रुंद दिसावेत म्हणून आत हँगर कोंबतो, प्रेयसीशेजारी बसतो आणि थेट बॉयरच्या आवाजात सुरू होतो. तिनं त्याच्या आत्म्याला आग लावली आहे म्हणे, आणि ती साधी ठिणगी नव्हे, चांगला डोंब आहे! तेवढ्यात जेरीनं त्याच्या पायाला खरोखरच काडी लावलेली असते. ऐन रंगात आलेला टॉम थबकतो, कारण कुठेतरी काहीतरी करपतंय. यात जेरीचं काय चुकलं? आगीची वर्दी टॉमनंच दिली होती. प्रेमपटातले संवाद कार्टूनवाला नोटरीसारखे वाचतो; लिहिलंय ना, मग होऊ द्या. शिवाय टॉम पुढच्याच दृश्यात ठणठणीत असतो. बॉयरला ही सवलत नव्हती.

कुणी म्हणेल, हेच तर धोक्याचं. मार खाऊन काही होत नाही असं पोरांना वाटतं. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण टॉमला भाजलं की तो गगनभेदी किंचाळतो, हे पोरांना ऐकू येतं. प्रेमपटातला नायक गोळी लागल्यावरही भांग मोडू न देता प्राण सोडतो. भाजलं की दुखतं आणि प्रेमासाठी मेलं की रुबाबदार दिसतं, यांतला कुठला धडा लपवून ठेवावा, हे आईबापांनी ठरवावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बॉयरच्याच नक्कलेतून घडलेला कार्टूनकार चक जोन्सचा पेपे ल प्यू हा दुर्गंध सोडणारा स्कंक मांजरीचा पिच्छा सोडत नाही, तिचा नकार ऐकत नाही. २०२१च्या ‘स्पेस जॅम’मधून त्याला वगळण्यात आलं. (नकार ऐकताच गाणं सुरू करणारे आपले हिंदी नायक अजून सुखरूप आहेत.) पण १९४९चं ऑस्करविजेतं ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ नीट पाहावं. मांजरी काचेच्या कपाटात लपते, तेव्हा पेपे पिस्तूल घेऊन आत्महत्येचं सोंग आणतो. ती कळवळून बाहेर येते आणि त्याच्या मिठीत सापडते. प्रेमपटातल्या हौतात्म्यामागची जबरदस्ती इतकी उघडी पाडणारं दृश्य गंभीर सिनेमात शोधूनही सापडणार नाही. आणि शेवट? मांजरीला सर्दी होते, नाक बंद. पेपे निळ्या रंगात पडून देखणा होतो. ती दाराला कुलूप घालते आणि त्याच्याकडे वळते. वगळण्याची शिक्षा व्हायच्या बहात्तर वर्षं आधीच पेपे जीव मुठीत घेऊन पळत होता.