अर्ध्या किमतीतला नेम

आमच्या मजल्यावर नवा भाडेकरू आला की नाना दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात उभे राहतात आणि सांगतात, "एअर पिस्तूल आहे. ४.५ मिलिमीटर, २० जूलच्या आत. परवाना लागत नाही." समोरच्यानं एवढंच विचारलेलं असतं, की कचरेवाला किती वाजता येतो.

निवृत्तीनंतर पुण्यातली माणसं सिंहगड चढतात, नाहीतर हास्यक्लबात जातात. नानांनी पिस्तूल घेतलं, कारण ते अर्ध्या किमतीत मिळालं. मी त्यांच्यावर अन्याय करत नाही. ते स्वतःच असं सांगतात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाला दहावीत खेळाचे वाढीव गुण मिळाले आणि त्याच आठवड्यात त्याच्या आईनं पिस्तूल विकायला काढलं.

"आणि तिनं सतार काढली असती तर?" मी एकदा विचारलं.

"अर्ध्यात?" नानांनी विचारलं.

वस्तू स्वस्तात आली, की तिला लागणाऱ्या दहा वस्तू महाग असतात. पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाची हवी. परदेशी मुठीची किंमत ऐकून नाना खुर्चीत बसले, आणि उठले ते थेट बोहरी आळीत जाऊन एम-सील घेऊन आले. जुन्या मुठीवर ते थापून घट्ट पकडून बसले. माप अगदी अचूक उतरलं, फक्त बोटातली पोवळ्याची अंगठी काढायची राहिली होती. पुढे मंगळ शांत झाला म्हणून ज्योतिषानं अंगठी उतरवायला सांगितली. ती आता पिस्तुलाच्या पेटीत असते. रेंजवर गेलं की आधी अंगठी, मग चष्मा, मग पिस्तूल. डाव्या डोळ्यापुढची पट्टी टूथपेस्टच्या खोक्याची आहे.

हवेचं प्रकरण याहून मोठं. पिस्तुलाखालच्या नळीत २०० बार दाबाची हवा भरावी लागते, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या साधारण नव्वदपट. रेंजवरच्या मोठ्या सिलिंडरमधून ती ५० रुपयांत भरून मिळते. नानांनी १२,००० रुपयांचा हातपंप आणला. महिन्याला एकदा हवा, म्हणजे पंपाचे पैसे २० वर्षांत वसूल. नाना ६१ वर्षांचे आहेत. पहिल्या शंभर बारपर्यंत ते माझ्याशी महागाईवर बोलू शकतात. दीडशेनंतर बोलणं बंद होतं. शेवटी दांड्यावर पोट टाकून लोंबकळतात तेव्हा काकू गॅस बारीक करून बाहेर येऊन उभ्या राहतात. त्यानंतर हात असा काही थरथरतो, की तासभर चहाचा कपसुद्धा त्यांच्या हाती देता येत नाही.

छर्ऱ्यांचा डबा ५०० चा. एक छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, पण सगळे सारखे नसतात हे नानांनी कुठेतरी वाचलं आणि सोनाराकडे असतो तसला काटा जुन्या बाजारातून आणला. संध्याकाळी पंखा बंद करून, श्वास रोखून ते एकेक छर्रा चिमट्यानं काट्यावर ठेवतात आणि वजनाप्रमाणे काकूंच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत टाकतात. जड ते जिऱ्याच्या वाटीत, हलके मोहरीच्या. सामन्याचे खास छर्रे हळदीच्या वाटीत असतात आणि पिवळे झालेले असतात. शिसं ते! काकूंनी तो डबा कायमचा देऊन टाकला आणि स्वतःसाठी नवा घेतला. त्याची किंमत नानांच्या हिशेबाच्या वहीत नाही.

सामना म्हणजे ६० नेम, ६०० पैकी गुण. नानांचे ४८८ होत. वजनं सुरू केल्यावर एकदा ४९१ झाले. ते तीन गुण नाना काट्याच्या नावावर मांडतात. माझ्या मते आदल्या दिवशी पंप मारला नव्हता, एवढंच. १० मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. तिथं नानांचा हात पोळीवर तूप फिरवल्यासारखा फिरत असतो, आणि हे छर्ऱ्याचे मिलिग्रॅम मोजतात! पण हे त्यांना कोण सांगणार? २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक मिळवलं तेव्हा नानांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "तो ५० मीटरवर मारतो. माझं तर दहावरच आहे."

सगळ्यात थोर शोध मात्र टार्गेटचा. साध्या कागदाला छर्रा लागला की तो फाटतो. आठ की नऊ, कळत नाही. जाड कार्ड विकत मिळतं, म्हणजे नानांच्या दृष्टीनं मिळत नाही. लग्नपत्रिकेच्या कागदाला भोक कसं स्वच्छ पडतं, हे त्यांच्या एका भाचीच्या लग्नानंतर लक्षात आलं. वर्तुळांचा रबरी शिक्का करून घेतला, आणि आता कोऱ्या बाजूला शिक्का, मागे 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. परवा एका पत्रिकेवरच्या 'कृपया आहेर आणू नये' मधला 'नये' नेमका उडाला. नाना मारत होते दहाच्या वर्तुळावर.

तर या दिवाळीनंतर आपल्या घरी कार्य असेल, तर पत्रिका जाड कागदावर छापा. लांबी-रुंदी १७ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि मागची बाजू कोरी ठेवा. नाना लग्नाला नक्की येतील.