आधी शून्य दाखवा

परदेशी जायचं ठरवलंय हे चारचौघांत एकदा बोललात की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, जो माणूस तुमच्या ओट्यावर येऊन बसतो तो तुमच्याही गावात असणारच. आमच्या पुरुषोत्तमनगरात त्याला बापू म्हणतात. राम राम नाही, कुठे चाललास नाही, थेट प्रश्न : "बॅग कुठेय?" बॅग अजून दुकानात असते, तिकीट काढायचं असतं, पासपोर्ट पोलीस पडताळणीत अडकलेला असतो. बापूंना त्याचं काही नसतं. खिशातून हुकाचा डिजिटल काटा बाहेर आलेला असतो.

सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याभोवती वसलेलं आमचं नगर. इथल्या माणसाला वजनाचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्यात बापूंची सगळी नोकरी ऊसकाट्यावर गेली. भरलेली गाडी, मग रिकामी गाडी, वजाबाकी, पावती. काट्यावर गाडी घेण्याआधी शेतकरी आकड्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आधी शून्य दाखवा." हे वाक्य बापूंनी उभ्या हयातीत इतक्या वेळा ऐकलं, की निवृत्तीनंतर त्यांनी ते जगाला ऐकवायचं ठरवलं.

सहलीच्या कंपनीबरोबर जाणं त्यांना मान्य नाही. "झुरिकला जाऊन पुरणपोळी खायची तर शहाद्यात काय वाईट आहे?" ते एकटेच जातात. आणि जिथे जातात तिथे शून्य मागतात.

व्हिएतनाममधली गोष्ट. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर काही ठेवलेलं नसताना काटा दोनशे ग्रॅम दाखवत होता. मागे ही रांग, आणि बापू बॅग उचलून पोटाशी धरून उभे. काउंटरवरची मुलगी खुणेने सांगते, ठेवा. बापू खुणेने सांगतात, शून्य. दोघांत एकही समाईक भाषा नाही. अखेर तिने कुठलंसं बटण दाबलं, आकडा शून्यावर आला आणि बापूंनी बॅग ठेवली. बॅग मुळात मर्यादेच्या तीन किलो आत होती! "प्रश्न दोनशे ग्रॅमचा नाही," ते मला म्हणाले. कशाचा आहे, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच देशात पाच लाख डाँगची नोट असते. बापूंनी ती हातात घेऊन शून्यं मोजली, परत दिली, पुन्हा मागून घेऊन मोजली. वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट रंगाने जवळजवळ सारखी दिसते. रात्री टॅक्सीत पैसे देताना दिवा लावून शून्यं मोजा, हा त्यांचा सल्ला. खरं सांगायचं तर उत्तम सल्ला आहे. तो ऐकायला दीड तास लागतो एवढंच.

शून्य कमिशनची पाटी लावलेल्या चलन बदलणाऱ्यांवर बापूंचा विशेष राग. "कमिशनमध्ये शून्य दाखवतो आणि भावात कापतो. वजनात नाही मारलं तर दरात मारायचं, हे काय नवीन आहे?" तसंच कार्डाचं. परदेशी दुकानातलं यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की युरोत? आपला माणूस रुपया बघून विरघळतो. बापू सांगतात, यंत्राला आपल्याविषयी माया नाही. रुपये म्हटलंत की भाव त्यांच्या मर्जीचा. तिथलंच चलन निवडा.

पण इटलीने त्यांना जिंकलं. तिथल्या सुपरमार्केटात भाजी-फळं गिऱ्हाईकानेच हातात प्लास्टिकचे मोजे घालून पिशवीत भरायची, स्वतःच काट्यावर ठेवायची आणि निघालेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवायची. बापू त्या दुकानात दुपारभर होते. घेतली दोन संत्री. बाकीचा वेळ ते चुकीचं बटण दाबणाऱ्या म्हाताऱ्या इटालियन बायकांना मदत करत होते. त्यांचा एक फोटोही आहे : मागे कोलोसियम असायला हवं तिथे वांग्यांचा ढीग, आणि बापूंच्या चेहऱ्यावर गाळप हंगामातला रुबाब.

गावातल्या पपईवाल्यांशी मात्र त्यांचं फाटलं. युरोपात प्रवाशाला केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन विनाप्रमाणपत्र नेता येतात. बाकीच्या ताज्या फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. आता आमच्या शहादा तालुक्यात पपईचे बागायतदार किती! बापूंनी पारावर हा नियम सांगितला तेव्हा केळीवाले खूश झाले आणि एका पपईवाल्याने महिनाभर रामराम बंद केला. दुधाच्या पदार्थांवर तर बंदीच. पेढे, खवा, तूप काही नाही. हे ऐकून कित्येक आयांनी बापूंना मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील.

त्यातलीच एक आमच्या मागच्या गल्लीतली. तिचा मुलगा जर्मनीला शिकायला निघाला. आदल्या रात्री बॅग उघडी पडलेली, रात्रीची ट्रॅव्हल्स शहाद्याहून सुटायला दोन तास. तेवीस किलोची मर्यादा. पोरगं दर पाच मिनिटांनी काहीतरी बाहेर काढत होतं, आणि ती माउली दर सहाव्या मिनिटाला काहीतरी आत कोंबत होती. नंदुरबारची मिरची कुटून केलेला मसाला, उडदाचे पापड, फडक्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. बापू आले. मी मनात म्हटलं, आता हिची खैर नाही.

बापूंनी मसाल्याची पिशवी हातात घेतली. हुकाला लावली. बटण दाबून काटा शून्यावर आणला. मग पिशवी काढून शांतपणे बॅगेच्या तळाशी सरकवली, चेन ओढली आणि बॅग उचलली.

"कितलं शे?" बाईंनी विचारलं.

"बावीस पॉइंट नऊ. बसलं."

ती जी हसली! मी बापूंकडे पाहिलं, त्यांनी काटा खिशात टाकला. पिशवीचं सव्वा किलो त्यांनी बटणात गायब केलं होतं. हिशेब मला कळला, पोराला कळला. उभ्या आयुष्यात एका उसाच्या मोळीची ज्याने कुणाला सूट दिली नाही, जो ऐन थंडीत पहाटे तीनला ट्रॅक्टरवाल्यांशी ग्रॅमा-ग्रॅमावरून भांडला, त्या माणसाने पहिल्यांदा काटा मारला, आणि तोही विमान कंपनीला.

ट्रॅव्हल्स येईपर्यंत बापू पोराला बाजूला घेऊन उभे होते. अंगातला जाड कोट काढून त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकला. मे महिना, रात्री नऊलाही अंगाची लाही होत होती. "काउंटरच्या आधी मसाला काढायचा, दोन्ही खिशांत भरायचा आणि कोट अंगात घालायचा. अंगावरचं वजन कोणी करत नाही."

पोराने मान हलवली.

"आणि हे बघ," बापू आवाज खाली आणून म्हणाले, "तिथे शून्य-बिन्य दाखवायला सांगू नको."