आजोबा ठेवा, नातू उडवा

दोन तारे फौजदाराच्या खांद्यावर असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते महाराष्ट्रातल्या साध्या मतदाराच्याही वाट्याला आले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या तोंडावर राज्य निवडणूक आयोगानं ठरवलं, की ज्यांचं नाव यादीत दोनदा असल्याचा संशय आहे, त्यांच्या नावापुढे दोन तारे छापायचे. मग त्या माणसाला गाठून विचारायचं, ‘बाबा रे, तू मत नक्की कुठं देणार?’ तो सापडलाच नाही, तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर त्याच्याकडून लिहून घ्यायचं, की मी दुसरीकडं जाऊन मत देणार नाही. नाव मात्र काढायचं नाही.

काढणार तरी कसं? यादी विधानसभेची, म्हणजे ताबा भारत निवडणूक आयोगाचा. राज्याच्या आयोगानं ती घ्यायची, प्रभागवार फोडायची आणि वापरायची. त्यात नवं नाव घालायचा किंवा असलेलं गाळायचा अधिकार त्याला नाही. संगणकवाले याला ‘रीड-ओन्ली’ म्हणतात. आपल्याकडं याला भाडेकरू म्हणतात: भिंतीत खिळा ठोकायचा नाही, असलेल्या खिळ्यावर कॅलेंडर टांगा हवं तर. तारे हे ते कॅलेंडर.

ज्यांनी कधी डेटाबेस सांभाळलाय, त्यांना हा सगळा खटाटोप बघून हसू येईल. दुबार ओळी काढणं म्हणजे काय मोठंसं काम आहे? नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख यांवर ‘ग्रुप बाय’ लावा. ज्या गटात एकाहून जास्त ओळी निघतील, तो गट संशयित. मग ‘रो नंबर’ नावाच्या फंक्शननं प्रत्येक गटातल्या ओळींना एक, दोन, तीन असे क्रमांक द्या आणि एकच्या पुढचे सगळे ‘डिलीट’. टपरीवर सांगितलेला चहा यायच्या आत यादी चकाचक.

तत्त्वाला धरून चाललं असतं तर तेवढंही करावं लागलं नसतं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी ज्या निबंधातून या साऱ्याचा पाया घातला, त्यात तक्ता म्हणजे गणितातला संच. संचात एकच गोष्ट दोनदा असूच शकत नाही, विषय संपला. पण पुढं त्याच कंपनीत एसक्यूएल ही भाषा घडली आणि तिनं व्यवहार पाहिला. दुबार ओळी हुडकायच्या तर यंत्राला मेहनत पडते, वेळ जातो. तेव्हा कुणी मुद्दाम ‘डिस्टिंक्ट’ म्हणालंच तर गाळू, नाहीतर असू द्या बिचाऱ्या. आमचा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चा, कॉडसाहेबांच्या वीस वर्षं आधीचा. एका माणसाचं नाव एकाहून जास्त मतदारसंघांत नको, हे त्याचं सतरावं कलम. एकाच मतदारसंघात दोनदा नको, हे अठरावं. म्हणजे कायदा कॉडच्या वळणाचा आणि कारभार एसक्यूएलच्या.

असो. दुबार ओळी काढायची ती एका ओळीची क्वेरी आपण एखाद्या तालुक्याला घेऊन जाऊ. समजा, पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचा तरुण इंजिनिअर तहसील कचेरीत लॅपटॉप उघडून बसलाय. शेजारी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या ताई. त्या मूळच्या अंगणवाडी सेविका. पोषण आहार, लसीकरण आणि लोकशाही ही तिन्ही कामं त्यांच्याकडंच.

पहिली क्वेरी धावली आणि गावातले निम्मे म्हातारे एकाच तारखेला जन्मलेले निघाले. एक जून.

‘एवढा योगायोग?’ इंजिनिअर म्हणाला.

‘योगायोग कसला, गुरुजी,’ ताई म्हणाल्या.

बरोबरच आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला नाव घालायला आणायचा. जन्मतारीख विचारली, की ‘ज्या साली आमची बैलजोडी घेतली त्याच्या दुसऱ्या साली’ असं उत्तर यायचं. गुरुजींनी एक जून लिहून टाकली आणि पिढ्यान्‌पिढ्या एका दिवसात जन्माला घातल्या. साल तरी वेगळं असेल म्हणावं, तर सालाचा रकाना कित्येक ओळींत कोराच. (कोरा रकाना हा एसक्यूएलचा स्वतंत्र तमाशा आहे. दोन कोऱ्या जागा सारख्या आहेत का, असं विचारलं तर ती ‘हो’ म्हणत नाही. वेगळ्या आहेत का म्हटलं तरी ‘हो’ म्हणत नाही. दोन्ही वेळा ‘माहीत नाही’. ही सोय करणारा माणूस मंत्रालयात कधीतरी टेबलावर बसलेला असणार.) इंजिनिअरनं साल वगळलं आणि पुढं गेला.

पुढं भेटले तुकाराम विठ्ठल पाटील, दोनदा. नाव तेच, वडिलांचं तेच, आडनाव तेच, घर क्रमांक तोच, जन्म एक जून. याहून शुद्ध दुबार ओळ शोधून सापडायची नाही. नियम असा होता, की गटातली सर्वांत जुनी ओळ ठेवायची. पुस्तकांत हाच नियम पहिल्यांदा शिकवतात. जुनी ओळ राहिली, नवी उडाली.

आपल्याकडं थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. विठ्ठलचा तुकाराम, तुकारामाचा विठ्ठल, त्या विठ्ठलाचा पुन्हा तुकाराम. आजोबा आणि नातू पूर्ण नावानिशी एक. आता यादीत जुने कोण, तर आजोबा. ते जाऊन बरीच वर्षं झाली. नातू समोरच्या बाकड्यावर बसला होता.

‘साहेब, माझं नाव उडालं.’

‘आहे की. हे बघा, तुकाराम विठ्ठल.’

‘ते आज्याचं.’

‘मग आजोबांसाठी नमुना ७ भरा, तुमच्यासाठी नमुना ६.’

नमुना ७ नाव वगळण्यासाठी. त्याला आजोबांचा मृत्यूदाखला हवा. नमुना ६ मध्ये लिहून द्यायचं, की माझं नाव आधी कुठल्याच यादीत नाही. नातवानं लिहून दिलं. संगणक म्हणाला, या नावाचा मतदार या पत्त्यावर आहे.

इंजिनिअर हुशार. त्यानं नियम फिरवला: सर्वांत नवी ओळ ठेवा. नवी ओळ कुणी भरली होती, तर कंत्राटी ऑपरेटरनं. त्याला नोंदीमागे पैसे मिळतात. बरोबर नोंदीमागे, असं करारात कुठं नव्हतं. त्यात नाव इंग्रजीत टंकून मराठीत परतवणारं सॉफ्टवेअर. डोंगरे इंग्रजीची वारी करून आले, की दोंगरे होतात, आठवले अठावले होतात, आणि पाटलांचा पतिल झालेला तर मी स्वतः वाचलाय. डोंगरे आणि दोंगरे यंत्राच्या लेखी दोन माणसं. दोघांनाही सुखानं मतदान करू द्यावं.

बायकांच्या ओळींपाशी तर क्वेरीनं हातच टेकले. माहेरी सुनंदा बाळासाहेब जगताप. सासरी वैशाली संदीप मोरे. लग्नात ताटातल्या तांदळांत नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. भटजी, दोन्हीकडचे व्याही आणि व्हिडिओवाला यांच्यासमक्ष ‘प्रायमरी की’, म्हणजे ओळीची ओळखच, बदलायची पद्धत जगात इतर कुठं असेल असं वाटत नाही. नाव गेलं, बापाचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव गेलं, गाव गेलं. जुळायला उरलं काय? एक जून. खरी दुबार ओळ ही. ती कुठल्याच ‘ग्रुप बाय’ला सापडत नाही आणि ज्यांना सापडते त्या ताईंना कुणी विचारत नाही.

ताईंना विचारलं असतं, तर त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं, की कोण मुंबईला गेलं, कोण वर गेलं आणि कोण दोन्ही याद्यांत आहे. पण ताईंच्या डोक्यातली माहिती एक्सेलमध्ये नसते, त्यामुळं ती माहिती नसते.

एवढ्यात सर्वपक्षीय बैठक झाली. दुबार नावं गेलीच पाहिजेत, यावर एकमत. फक्त प्रत्येकाला ती समोरच्याच्या प्रभागात दिसत होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपली दुबार नोंद ही टंकलेखनातली चूक, दुसऱ्याची ती कटकारस्थान.

पण प्रत्यक्षात ओळ उडवायला सगळे का कचरतात, हे शाळांच्या पटावरून कळतं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यानं तीन दिवस पटपडताळणी केली. एका शाळेतली पोरं गाडीत घालून दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजली जाऊ नयेत, म्हणून मोजलेल्या पोराच्या बोटाला शाई लावली. मतदानाचं वय व्हायच्या आत मुलांनी बोटाला शाई लावून घेतली ती अशी. लाखोंनी मुलं पटावर होती आणि वर्गात नव्हती. पण पटावरच्या त्या ओळीला तुकडी टांगलेली असते, तुकडीला शिक्षक, शिक्षकाला अनुदान. डेटाबेसमध्ये याला ‘फॉरेन की’ म्हणतात आणि ती जागच्या जागी सांगते, की या ओळीवर अवलंबून असलेले लोक आहेत, ती काढता येणार नाही. आमच्याकडं हेच सांगायला शिष्टमंडळ येतं.

शेवटी इंजिनिअरनं निर्वाणीचा उपाय केला. मागचं राहू द्या, निदान पुढं तरी दुबार नोंद येऊ नये, म्हणून तक्त्याला ‘युनिक’चं कुलूप घातलं. नाव, वडील, आडनाव, घर क्रमांक हे चारही जुळले, की नोंद आत जाणारच नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं ते आपला तुकाराम. त्याचा नमुना ६ अजून लोंबकळतच होता. कुलपानं त्याला बाहेर ठेवलं.

इंजिनिअर पुण्याच्या गाडीला गेला. ऑपरेटरनं इकडं तिकडं पाहिलं आणि ‘पाटील’च्या पुढं एक टिंब दिलं. पाटील आणि पाटील-टिंब हे यंत्राला वेगळे. नोंद आत गेली. हयात माणसाला यादीत घुसायला कुलूप फोडावं लागतं म्हटल्यावर, त्याला काय बोल लावणार? तुकारामानं ऑपरेटरला पेढे दिले.

संध्याकाळी वरच्या आळीतले दोघं आले. ‘टिंब दिलं की नाव येतं म्हणतात. आमचा थोरला भाऊ ठाण्याला असतो. तिकडं त्याचं नाव आहे, इथं पण होतं. ते आत्ताच्या झाडाझडतीत गेलं. परत आणायला गेलो तर घरात दुसरा त्याच नावाचा आडवा येतो. त्याचं पण बसवा.’

ऑपरेटरनं यादी वरखाली केली. ‘तुमच्या घरात टिंबाचा एक झालाय,’ तो म्हणाला, ‘थोरल्याला स्वल्पविराम द्यावा लागेल.’