आखूड ए

निपाणीत आलो तेव्हा माझ्याजवळ इंग्रजीची एम.ए., पुण्यात घासूनपुसून घेतलेले उच्चार आणि दोन रुमाल होते. आधी कामी आले ते रुमाल. हंगामात इथल्या हवेतली तंबाखू नवख्याला शिंकल्याशिवाय सोडत नाही.

कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा जादा तास माझ्या गळ्यात पडला. मुलं मराठी माध्यमातली. शब्दाचं डोकं नि शेपूट बघायची आणि मधलं मनानं भरायची. ‘हाउस’ दिसलं की बिनदिक्कत ‘हॉर्स’! त्यामुळे धड्यातला शेतकरी कायम घोड्यात राहायचा. मी गरजायचो, “अंदाज करायचा नाही! पहिलं अक्षर बघा, मग दुसरं!”

एके दिवशी ‘गेट’ आणि ‘गेट’ यांतला फरक सांगायला निघालो. एक मिळण्याचं, दुसरं फाटकाचं. फळ्यावर देवनागरीत लिहून दाखवलं : गेट, गेट. वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी एकदा तोंड थोडं उघडलं, एकदा जास्त, दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. घरी आईबरोबर विड्या वळून कॉलेजला येणारी. म्हणाली, “सर, कन्नडात दोन ए हायत की. एक आखूड, एक लांब. मिळायचा आखूड, फाटकाचा लांब.” तिनं दोन्ही शब्द फळ्यावर कन्नडात लिहिले आणि सगळ्या वर्गानं ते बरोबर वाचले. म्हणजे मी सोडून सगळ्यांनी. सीमाप्रश्नावर १९५६ पासूनचं बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. या दोन ए-वर काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बेळगावात शिक्षकांची कार्यशाळा होती. माझा विषय : ‘वाचनातील अंदाजाचे धोके’. सरकारदरबारी २०१४ पासून बेळगावचं ‘बेळगावी’ झालंय, आणि ती कन्नड पाटी मी चित्रासारखी लक्षात ठेवली होती : गोल गोल अक्षरं, शेवटच्याच्या डोक्यावर गुंडाळी. गाडी लागली. गोल होते, गुंडाळी होती. चढलो.

गाव मागं पडल्यावर पाठीमागून आवाज आला, “सर, चिकोडीला कुठं निघालाय? मी मावशीकडं चाललोय.” तीच मुलगी. (‘चाललेय’ म्हण, असं तिला चारदा सांगून झालं होतं. इकडे बायका स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलतात. त्या दिवशी मी दुरुस्ती केली नाही.) इतक्यात कंडक्टर पुढ्यात. “काम आहे थोडं,” असं तिला सांगून मी मुकाट्यानं चिकोडीचं तिकीट काढलं.

चिकोडीत उतरून कामाच्या माणसासारखा झपझप चालत सुटलो, पहिल्या कोपऱ्याला वळलो, जरा थांबलो आणि परत स्टँडवर आलो. ती तिथंच उभी. काही न विचारता मला गाड्यांसमोर घेऊन गेली. “चिक्कोडी तीन अक्षरी, सर. बेळगावी चार. आनि पहिलं अक्षर बघायचं. बे. ए आखूड.” मग हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, “अंदाज करायचा नाही.”

बेळगावात पोचलो तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं. वक्त्यांच्या यादीत असल्यामुळे माझेही आभार मानले गेले.

सोमवारी हजेरी घेताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, “चिकोडीतलं काम झालं काय, सर?” मी घाईघाईनं पुस्तक उघडलं, मोठ्यानं वाचायला लागलो, आणि पहिल्याच वाक्यात शेतकरी घोड्यात राहायला गेला.