चहा चालेल, हुरडा नको!

विलायतेत घरं भाड्यानं देणाऱ्या संस्था म्हणे आपल्या कर्मचाऱ्यांना बजावतात, भाडेकरूंशी फार घसट नको. जुनी ओळख असेल तर साहेबाला लेखी कळवा. ही रीत आपल्याकडे आणायचीच, तर पहिला प्रयोग सातारा-सांगलीत व्हावा. इथं टिकली तर जगात कुठंही टिकेल.

थकबाकी मागायला वसाहतीचा कारकून दारात उभा राहतो. आतून विचारणा होते, "गाव कंचं म्हणायचं?"

"बावधन."

"बावधनात कुणाचं?"

तिसऱ्या प्रश्नाला आत्याच्या जावेचं माहेर निघतं आणि चौथा प्रश्न यायच्या आत आधण चढतं. "पावणं, पैशाचं बघू निवांत, आधी च्या घ्या." थकबाकीची नोटीस बशीखाली भिजत पडते.

आपलं सरकार त्या मानानं समजूतदार. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला बारावा नियम भेटींचा आहे. कधीमधी घेतलेलं जेवण तो भेट धरत नाही. कामाचा संबंध असलेल्या माणसाकडचा शाही किंवा वारंवार पाहुणचार मात्र टाळा म्हणतो. आता जानेवारीतला हुरडा शाही की साधा? कणसं रानातली, शेंगदाणे घरचे, दही म्हशीचं. खर्च म्हणाल तर गोवऱ्यांचा. पण खाऊन कारकून बांधावर आडवा होतो तो उन्हं कलल्यावर उठतो. याला साधा पाहुणचार म्हणणारा लेखापरीक्षक मला बघायचाय. कंदी पेढ्यांचं तर विचारूच नका. एक पेढा हा प्रसाद; किलोभराचा पुडाही प्रसादच, फक्त देव जरा मोठा.

लग्नकार्यात, धार्मिक विधीत जवळच्या नातेवाइकांकडून रीतीप्रमाणे भेट घ्यायला हाच नियम मुभा देतो. जवळचं कोण, हे मुंबईत ठरवणं सोपं. तासगावच्या रथाचा दोर ओढताना शेजारी जो घाम पुसतो, तो कुठून तरी साडूच लागतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. तेव्हा वसुली करणारे आणि थकवणारे एकाच पंगतीत खिचडी खात होते. दोन्ही वेळा, रोज. वारंवार पाहुणचाराची याहून चोख व्याख्या कुठल्या कायदेपंडिताला सुचली असती? नशीब, त्या पंगतीला दक्षता पथक नव्हतं. असतं तर तेही जेवलं असतं.

तरीही कुणा साहेबाला विलायती नियम आणायची हौस असेलच, तर फॉर्म छापून घ्यावेत. 'भाडेकरूशी नाते' या रकान्याला निदान दोन पानं पुरवणी जोडावी. आणि एखाद्या कारकुनानं तिथं 'बोलणी चालू आहेत, पत्रिका जुळली आहे' असं लिहिलं, तर बदलीचा आदेश काढण्याआधी साहेबांनी मुलीकडचे कोण आहेत ते बघून घ्यावं.